शोचं झाड

“झाडाचं नाव काय?”

डॉक्टरांनी हा प्रश्न दोनदा विचारला. माझी भाची, वय दीड वर्ष, ताईच्या खांद्यावर तोंड उघडं ठेवून रडत होती. खालचा ओठ सुजला होता, लाळ थांबत नव्हती. माझ्या हॉलमधल्या कुंडीतलं एक पान तिनं चावलं होतं. मोठं हिरवं पान, मधे पांढरट शिंतोडे. ते झाड मीच हौसेनं आणलं होतं. दोन वर्षं पाणी घालत होते, पानं ओल्या फडक्यानं पुसत होते. आणि नाव?

“शोचं झाड आहे,” मी म्हणाले.

ते बोलतानाच माझी मलाच लाज वाटली. डॉक्टर मात्र शांत होते. “फोटो आहे का?” म्हणाले. नशिबानं होता. भाचीच्याच पहिल्या वाढदिवसाचा फोटो, तिच्यामागे ते झाड. त्यांनी तो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, “डिफेनबाकिया. घाबरू नका, पण श्वासाकडे लक्ष ठेवायला हवं.” तोंड पुसून घेतलं, गार पाणी दिलं, काही तास तिथेच बसवून ठेवलं. पान चावताक्षणी झोंबल्यामुळे तिनं ते थुंकलं होतं, त्यामुळे निभावलं. संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती खांद्यावर झोपली होती.

त्या रात्री मी सगळ्या कुंड्या उचलून बाहेर जिन्यात ठेवल्या. मग झोप येईना, तेव्हा एक गोष्ट डोक्यात घुमायला लागली. गावी आजीच्या अंगणात याहून कितीतरी जहाल झाडं होती. कण्हेर होती, बिट्टी होती, धोतरा होता, मागे एरंड होता, कुंपणाला शेर होता. आम्ही सहा भावंडं उन्हाळाभर तिथे उघड्यावर हुंदडायचो. शिवाय गाय, दोन शेळ्या आणि एक भटकं मांजर. त्या अंगणात कुणालाही कधी विषबाधा झाली नाही. आणि माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, जिथे मोजून सात कुंड्या होत्या, तिथून मला मुलीला घेऊन दवाखान्यात धावावं लागलं.

विष जास्त होतं तिथे आम्ही सुरक्षित होतो. विष कमी होतं तिथे नाही. असं का, हे शोधायला मी बसले, आणि शोधता शोधता गोवा, ब्राझील, व्हिएन्ना असं बरंच फिरून आले.

*

सुरुवात आजीच्या कुंपणापासून.

लहानपणी मला वाटायचं की कुंपणाला लोक हाताला येईल ते लावतात. तसं नसतं. शेर, निवडुंग, मोगली एरंड, कण्हेर, घाणेरी या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. गुरं त्यांना तोंड लावत नाहीत. कुणाचा चीक झोंबतो, कुणाची पानं कडू, कुणाला काटे, कुणाला उग्र वास. तारेचं कुंपण स्वस्त झालं नव्हतं त्या काळात हे विषच कुंपणाचं काम करत होतं. म्हणजे विषारी झाड अंगणात होतं, पण त्याची जागा ठरलेली होती. कडेला. आजही महामार्गाच्या दुभाजकावर कण्हेर फुललेली दिसते, त्यामागेही हेच एक कारण आहे. मोकाट जनावर ती खात नाही, आणि पाणी कमी मिळालं तरी ती तगते.

दुसरी गोष्ट म्हणजे नाव. कण्हेरीला संस्कृतात करवीर म्हणतात. कोल्हापूरचं जुनं नावही करवीर, तालुक्याचं नाव आजही तेच. पण याच झाडाची आणखी दोन संस्कृत नावं आहेत, अश्वमार आणि हयमार. दोन्हींचा अर्थ एकच, घोडा मारणारी. एवढं मोठं जनावर ज्यानं मरतं त्याला पोराबाळांनी हात लावू नये, हे वेगळं सांगायला लागत नाही. नावातच इशारा आहे.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विषांची चर्चा येते. तिथे वनस्पतींचं आणि खनिजांचं विष कुठे कुठे राहतं याची दहा ठिकाणं सांगितली आहेत. मूळ, पान, फळ, फूल, साल, चीक वगैरे. मुळात विष असणाऱ्यांच्या यादीत अश्वमार आहे आणि गुंजही आहे. ही तीच लालभडक, काळ्या टिकलीची गुंज, जी सोनाराच्या तराजूत बसायची. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. ज्या बीनं सोनं मोजलं जायचं, तीच चावून खाल्ली तर जीव घेऊ शकते. तिचं कवच इतकं टणक की अख्खी गिळली तर बहुतेकदा तशीच बाहेर पडते. घात होतो तो ती फुटली तर.

आजीनं सुश्रुत वाचला नव्हता. पण बिट्टीबद्दल तिचा नियम पक्का होता. “खेळायचं, फोडायची नाही, आणि खेळून झालं की हात धुवायचे.” आम्ही तिकोनी बिट्ट्यांचा ढीग घेऊन ओट्यावर तासन्‌तास खेळायचो. एकदा चुलतभावानं दगडानं एक बिट्टी फोडली, आत काय आहे ते बघायला, तेव्हा आजीनं त्याला असा धपाटा घातला की बाकीच्या पाचजणांनाही तो आयुष्यभर लक्षात राहिला. आतल्या गरात काय असतं ते मला आत्ता कळलं. थेवेटिन आणि त्याच्या जातीची द्रव्यं. ती हृदयाच्या पेशींमधला सोडियम-पोटॅशियमचा पंप अडवतात. ठोके मंदावतात, चुकतात, थांबूही शकतात. कण्हेरीतही याच प्रकारचं द्रव्य असतं, पानात, फुलात, देठात, सगळीकडे. पान वाळलं तरी ते जात नाही.

*

गंमत अशी की बिट्टी आपली नाहीच. ती अमेरिकेची. मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या उष्ण पट्ट्यातली. म्हणजे कोलंबस तिकडे पोहोचण्याआधी ती आपल्या अंगणात असणं शक्य नाही.

तिच्या जुन्या शास्त्रीय नावातल्या ‘थेवेटिया’त एक माणूस दडलेला आहे. आंद्रे थेवे नावाचा फ्रेंच धर्मगुरू. १५५५ मध्ये तो फ्रेंच वसाहतवाल्यांबरोबर ब्राझीलला गेला आणि १५५७ मध्ये त्यानं तिथल्या प्रवासाचं पुस्तक छापलं. त्यात बिट्टीच्याच कुळातल्या ‘अहुआई’ नावाच्या झाडाचं वर्णन आहे. फळ जीवघेणं, आणि तरी तिथले लोक त्याची टणक कवचं पोखरून पायात बांधतात, नाचताना ती वाजतात. बिट्टीचं आजचं शास्त्रीय नाव ‘कॅस्काबेला’. स्पॅनिशमध्ये कॅस्काबेल म्हणजे घुंगरू.

हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. ब्राझीलच्या जंगलात त्याच कुळातल्या बीचं घुंगरू झालं, आमच्या ओट्यावर बीचा खेळ झाला. दोन्हीकडच्या माणसांना एकच गोष्ट कळली होती. कवच तुमचं, गर नाही. एवढी जवळीक आणि एवढी सावधगिरी एकत्र नांदू शकते, ते त्या झाडाबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहिल्यावर.

आता जरा गोव्यात येऊ. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे होतं, तिथे त्याचं घर आणि बाग होती. १५६३ मध्ये गोव्यात त्याचं भारतातल्या औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं. पुस्तक सगळं संवादाच्या रूपात आहे. एक जण विचारतो, ऑर्ता उत्तर देतो. त्यातल्या धोतऱ्याच्या प्रकरणात एका घरातली हकीकत येते. घरातल्या गुलाम बाईनं मालकिणीला धोतरा खाऊ घातला, दागिने उचलले आणि ती पळून गेली. मालकीण भ्रम होऊन नुसती हसते आहे, विचारलेल्याचं उत्तर देत नाही.

आज वाचताना मला त्यात दोन गोष्टी दिसतात. एक, ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांच्याकडे झाडांचं ज्ञान होतं. दोन, युरोपातून आलेल्या विद्वान माणसाला ते इथल्या माणसांना विचारूनच मिळवावं लागलं. ऑर्ता मूळचा ज्यू. तो मेल्यावर, १५८० मध्ये, धर्मसमीक्षण न्यायालयानं त्याची हाडं उकरून जाळली. पुस्तक मात्र युरोपात पोहोचलं आणि टिकलं.

पुढच्या शतकात कोचीनचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हेडे यानं मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. ‘होर्तुस मलाबारिकुस’. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. माहिती सांगणाऱ्यांत इट्टी अच्युतन नावाचे मलयाळी वैद्य होते, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोकणी वैद्यही होते. त्यातल्या झाडांच्या चित्रांवर इतर लिप्यांबरोबर देवनागरीतही नावं कोरलेली आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडमध्ये छापलेल्या पानावर झाडाचं नाव आपल्या लिपीत आहे. आणि माझ्या हॉलमधल्या झाडाचं नाव ‘शोचं झाड’.

*

मग मधे झालं काय? झाडं झपाट्यानं फिरायला लागली, त्यांच्याबद्दलची माहिती मागे राहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात अमेरिकेतून एक शोभेचं झुडूप आलं. रंगीत फुलांचे झुबके, बारमाही बहर, फारशी काळजी नको. ती घाणेरी. पुढे ती उद्यानातून कुंपणाला गेली, कुंपणातून रानात गेली, आणि आज देशातल्या जंगलांचा प्रचंड भाग तिनं व्यापला आहे. चाऱ्याच्या टंचाईत गुरांनी ती खाल्ली तर यकृत बिघडतं, कातडी उन्हानं सोलवटते. आणताना कुणी विचारलं नव्हतं की हिला खाणार कोण आणि खाल्लं तर काय होईल. सुंदर दिसते एवढं पुरेसं होतं. तिचं मराठी नाव मात्र इथल्या माणसांनी ठेवलं, आणि त्यात कौतुक अजिबात नाही.

तरीही जिवंत झाडं समुद्रापार नेणं अवघड होतं. खारं वारं, उन्हाचा मारा, गोड्या पाण्याची टंचाई. बहुतेक रोपं वाटेतच मरायची. लंडनमधल्या नॅथनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरला १८२९ मध्ये एक गोष्ट योगायोगानं सापडली. बंद काचेच्या बरणीत, बाहेरून पाणी न घालता, नेचं आणि गवत उगवलं होतं. आतलाच ओलावा काचेवर जमतो आणि परत मातीत जातो. १८३३ मध्ये त्यानं काचेच्या पेट्यांत झाडं भरून सिडनीला पाठवली आणि ती जिवंत पोहोचली. या ‘वॉर्डच्या पेटी’नं जगातल्या झाडांचा बाजार बदलला. पुढे चहा, रबर, सिंकोना यांची रोपं अशा पेट्यांतून जगभर फिरली. आणि दिवाणखान्यात ठेवायची शोभेची झाडंही.

डिफेनबाकिया हे नाव व्हिएन्नाचं. तिथल्या शॉनब्रुन राजवाड्याच्या बागेचा मुख्य माळी होता योसेफ डिफेनबाख. त्याच्या सन्मानार्थ राजाच्या बागांवर देखरेख करणाऱ्या हाइनरिश शॉट या वनस्पतिशास्त्रज्ञानं ते ठेवलं. झाड मात्र अमेरिकेच्या उष्ण भागातलं आणि वेस्ट इंडीजमधलं. तिथे त्याचं इंग्रजी नाव होतं डंबकेन, म्हणजे मुकं करणारा ऊस. पान किंवा खोड चावलं की जीभ सुजते, बोलता येत नाही. तिथल्या मळ्यांवर गुलामांना शिक्षा म्हणून ते चावायला लावल्याच्या नोंदी आहेत.

म्हणजे मूळ गावी या झाडाचं नाव कण्हेरीइतकंच बोलकं होतं. घोडा मारणारी, तसा मुकं करणारा. व्हिएन्नाला जाऊन त्याला एका सज्जन माळ्याचं नाव मिळालं आणि इशारा गळून पडला. तिथून फिरत फिरत ते माझ्या नर्सरीत आलं तेव्हा ते नावही गळलं. उरलं शोचं झाड.

आणि मला सगळ्यात जास्त टोचलं ते पुढेच आहे. डिफेनबाकियात झोंबतं काय? कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक. चावताना ते जिभेत, गालात रुततात. हेच स्फटिक आपल्या अळूत असतात. सुरणातही. आई अळू चिरताना हाताला तेल लावते. फतफत्यात चिंच घालते, भरपूर शिजवते. कच्चं पान कुणी तोंडात घालत नाही. घसा खवखवला की “अळू खाजरं निघालं” म्हणतो. म्हणजे हे विष आमच्या घराला नवीन नव्हतंच. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही ते ओळखत होतो, त्याची उतारपद्धत जाणत होतो. दोन्ही एकाच कुळातली झाडं. पण अळूला नाव होतं, म्हणून सावधगिरी होती. हॉलमधल्या पाहुण्याची ओळखच कुणी करून दिली नव्हती.

*

हे फक्त जुन्या काळातच घडतं असंही नाही.

मोगली एरंड, म्हणजे चंद्रज्योत, हेही मूळचं अमेरिकेचं. नावातलं ‘मोगली’ते बाहेरून आल्याची खूण सांगतं. पोर्तुगीजांनी ते आफ्रिकेकडच्या केप व्हर्दे बेटांवर वाढवलं. तिथलं बी लिस्बनला जायचं, त्याचं तेल दिव्यांना आणि साबणाला वापरलं जायचं. आपल्याकडे ते कुंपणाला आलं. २००३ च्या सुमारास नियोजन आयोगाच्या अहवालातून बायोडिझेलची मोठी योजना पुढे आली आणि चंद्रज्योत एकदम हिरो झाली. पडीक जमिनीवर, रस्त्याकडेला, रेल्वेमार्गालगत तिची लागवड झाली. तेलाचं स्वप्न फारसं पुरं झालं नाही. झाडं राहिली. तिचं बी चवीला शेंगदाण्यासारखं लागतं. मराठी वर्तमानपत्रांत अधूनमधून एक बातमी येते, गाव फक्त बदलतं. चंद्रज्योतीच्या बिया खाल्ल्यानं शाळकरी मुलांना उलट्या, रुग्णालयात दाखल. कुंपण म्हणून असलेली जुनी ओळख त्या मुलांपर्यंत पोहोचलेली नसते, आणि नवी ओळख करून देणं कुणाच्याच योजनेत नसतं.

माझ्या कुंड्यांचा इतिहास तर आणखी ताजा आहे. १९८९ मध्ये नासानं एक अभ्यास प्रसिद्ध केला. छोट्या बंद पेटीत झाडं ठेवली तर हवेतली काही घातक रसायनं कमी होतात, असा. तो अंतराळयानातल्या हवेच्या प्रश्नातून निघालेला होता. पुढे त्याची यादी झाली, ‘हवा शुद्ध करणारी झाडं’. पीस लिली, मनी प्लांट, स्नेक प्लांट. २०१९ मध्ये संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र करून हिशोब केला तेव्हा दिसलं, की खऱ्या घरात खिडकी उघडण्याइतका परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. पण तोवर लेबलं छापून झाली होती. माझ्याही एका कुंडीवर ‘एअर प्युरिफायर’ असं लिहिलेलं होतं. पीस लिली आणि मनी प्लांटमध्येही तेच अळूचे स्फटिक असतात, हे त्यावर नव्हतं.

झाडांच्या विषाच्या याद्या आणि सल्ला केंद्रं तशी अलीकडची. मुलांच्या अपघाती विषबाधा वाढल्या म्हणून १९५३ मध्ये शिकागोत विषबाधेची माहिती देणारं अमेरिकेतलं पहिलं केंद्र निघालं. प्राण्यांसाठीचं केंद्र १९७८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र १९९५ पासून आहे. काही गोष्टी तर फारच उशिरा कळल्या. खरी लिली, म्हणजे गुच्छांत येते ती मोठ्या पाकळ्यांची सुवासिक लिली, मांजरांची मूत्रपिंडं निकामी करते. पान नको, अंगावर पडलेले परागकण चाटून घेतले तरी पुरतं. शतकानुशतकं ही फुलं घरात येत होती. पशुवैद्यकांच्या हे ठळकपणे लक्षात आलं ते १९९० च्या दशकात. त्यात नावांचा घोळ आहेच. पीस लिली ही लिली नाही, ती अळूच्या कुळातली. आपल्याकडे पावसाळ्यात उगवते ती छोटी गुलाबी लिलीही ती नव्हे. “घरात लिली चालेल का?” या प्रश्नाला म्हणूनच उत्तर देता येत नाही. कुठली लिली, हे आधी ठरवावं लागतं. आणि घरात कोण आहे हेही. तीच लिली कुत्र्यासाठी मांजराइतकी घातक नाही. उलट सायकस कुत्र्याच्या यकृताचा घात करू शकतं, त्याच्या बिया सगळ्यात वाईट.

*

मग सगळं उपटून टाकायचं का?

गावाहून काकांचा फोन आला होता. दवाखान्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. “बिट्टी तोडून टाकू का? दिवाळीला पोरगी येणार आहे.” मी हो म्हणणार होते. तेवढ्यात मला सदाफुली आठवली.

सदाफुली मादागास्करची. ती आपल्याकडे इतकी रुळली की परकी वाटतच नाही. तीही विषारी आहे. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हे संशोधक तिच्या पानांचा अभ्यास करत होते. जमैकात मधुमेहावर तिचा काढा घेतात, म्हणून तिथून पानं आली होती. साखर काही कमी होईना. पांढऱ्या रक्तपेशी मात्र झपाट्यानं घटल्या. त्यातून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हाती आलं. याच झाडातलं दुसरं द्रव्य, व्हिन्क्रिस्टिन, १९६३ पासून अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचारांत ते आजही पायाचं औषध आहे. ज्या झाडापासून मुलांना दूर ठेवायचं, त्यानंच कितीतरी मुलं वाचवली आहेत.

काकांना मी सांगितलं, तोडू नका. पण दिवाळीआधी खाली पडलेल्या बिट्ट्या झाडून घ्या. आणि पोरगी कळती होईल तेव्हा आजीचा नियम तिला मी सांगेन.

दीड वर्षाच्या मुलीला मात्र नियम सांगून कळत नाही. मांजराला तर कधीच नाही. त्यांच्यासाठी नियम मोठ्यांनी पाळायचा असतो. म्हणून जिन्यातल्या सात कुंड्यांपुढे बसून मी प्रत्येकीला तीन प्रश्न विचारले. तुझं नाव काय? तू काय करतेस, फक्त झोंबतेस, पोट बिघडवतेस की हृदय, यकृत, मूत्रपिंडापर्यंत जातेस? आणि माझ्या घरात येणाऱ्यांपैकी तुझ्यापर्यंत पोहोचेल कोण?

उत्तरं अशी आली. अडेनियम गेलं. बाल्कनीतलं सगळ्यांचं लाडकं, जाड बुंध्याचं, गुलाबी फुलांचं. ते कण्हेरीच्याच कुळातलं, आणि आफ्रिकेत त्याच्या रसानं बाणांची टोकं माखत. डिफेनबाकिया आणि पीस लिली गेल्या. मनी प्लांट छताजवळ टांगला, खाली लोंबणारे वेल कापून टाकले. कोरफड वरच्या फळीवर गेली, मांजरांचं पोट तिनं बिघडतं. स्पायडर प्लांट आणि बोस्टन फर्न हे नेचं खाली राहिलं. मग रिकाम्या जागेत जास्वंद आली, मोगरा आला, एका खोक्यात कोथिंबीर, आणि पावसाळ्यात तेरडा. मोठं पान हवं होतं तिथे अरेका पाम ठेवला. यातलं काही तोंडात गेलं तरी रात्री दवाखाना गाठावा लागणार नाही. अर्थात कुठल्याही झाडावर मारलेलं कीटकनाशक आणि मातीत घातलेलं खत ही वेगळी गोष्ट, ती दोन्ही मी आता कुलपात ठेवते.

आणि तरी काही गेलंच तोंडात, तर? डॉक्टरांनी निघताना सांगितलेलं मी फ्रिजवर लावून ठेवलं आहे. उलटी करवायची नाही. तोंडात राहिलेलं बोटानं काढायचं, तोंड पुसायचं. वाट बघत न बसता दवाखान्यात जायचं, आणि जाताना झाडाची फांदी पिशवीत घालून न्यायची, निदान फोटो. प्राण्यालाही तसंच, पशुवैद्याकडे.

डिफेनबाकिया मी फेकला नाही. आमच्या मजल्यावर एक निवृत्त बाई एकट्याच राहतात. ना मूल, ना मांजर. त्यांना तो कधीचा आवडायचा. त्यांच्याकडे कुंडी देताना मी आइस्क्रीमच्या काडीवर मार्करनं लिहून मातीत खोचलं. डिफेनबाकिया. अळूच्या कुळातलं. चावायचं नाही.

“अगं बाई, अळूच का हे?” त्या म्हणाल्या, आणि पान निरखून बघायला लागल्या. “मग छाटताना हाताला तेल लावायला हवं.”